जिंकेल त्याचें सर्व

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा अध्यक्ष लोक प्रत्यक्ष निवडीत नाहींत. त्याची निवड ५३८ निर्वाचक करितात. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत एखाद्या संस्थानाचे जितके सभासद, तितके त्याचे निर्वाचक; आणि ज्यास २७० निर्वाचकांचीं मतें मिळतील तो अध्यक्ष. मेन व नेब्रास्का हीं दोन संस्थानें सोडलीं तर सर्वत्र नियम असा कीं, ज्या उमेदवारास लोकमतांत एका मताचीहि आघाडी मिळेल, त्याच्या पदरांत त्या संस्थानाचे सगळे निर्वाचक पडावे. हा नियम न्याय्य कीं अन्याय्य, हा वाद जुना आहे. परंतु नियम आला कोठून, हें पाहिल्यावांचून त्या वादाचें मर्म कळत नाहीं.

तो राज्यघटनेंतच आहे अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति तशी नाहीं. १७८७ सालीं फिलाडेल्फिया येथें भरलेल्या परिषदेनें एवढेंच ठरविलें कीं, निर्वाचक कोणत्या रीतीनें नेमावयाचे तें ज्या त्या संस्थानाच्या कायदेमंडळानें पाहावें. त्यामुळें आरंभीं अनेक रीति चालू होत्या. कोठें कायदेमंडळच निर्वाचक निवडी. कोठें प्रत्येक विभागांतून एकेक निर्वाचक निवडला जाई. कोठें सबंध संस्थानाची एकच यादी मतदारांपुढें येई.

१७९६ च्या निवडणुकींत जॉन ॲडम्स यांना ७१ व टॉमस जेफर्सन यांना ६८ मतें पडलीं. व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलिना हे जेफर्सन यांचे बालेकिल्ले. पण तेथें विभागवार निवड असल्यामुळें प्रत्येकीं एक निर्वाचक ॲडम्स यांच्या बाजूचा निघाला. तेवढे दोघे फिरले असते तर जेफर्सन ७० विरुद्ध ६९ मतांनीं अध्यक्ष झाले असते! हा धडा वायां गेला नाहीं. जानेवारी १८०० मध्यें जेफर्सन यांनीं जेम्स मन्रो यांस लिहिलेल्या पत्राचा आशय असा : सर्वांनीं पाळली तर विभागवार पद्धतिच उत्तम, परंतु इतर दहा संस्थानें तिच्यावांचून चालत असतां उरलेल्यांनीं तीच धरून बसणें हें शहाणपणाचें नव्हे. व्हर्जिनियानें कायदा बदलला आणि तिचे एकवीसहि निर्वाचक जेफर्सन यांस मिळाले. ॲडम्स यांच्या मॅसॅच्युसेट्सनेंहि विभाग मोडून निवड कायदेमंडळाकडे घेतली. अशी चढाओढ लागून १८३६ पर्यंत साउथ कॅरोलिना वगळतां सर्व संस्थानांत एकगठ्ठा पद्धति रूढ झाली.

तिच्यांतील दोष तेव्हांच्या धुरीणांना दिसत नव्हता असें नाहीं. घटनाकारांत अग्रगण्य असलेल्या जेम्स मॅडिसन यांनीं १८२३ सालीं लिहिलें कीं, घटना रचतांना विभागवार पद्धतिच मुख्यत्वें दृष्टीसमोर होती. पुढील वर्षीं मिसूरीचे सेनेटर टॉमस हार्ट बेंटन यांनीं याहून मार्मिक आक्षेप घेतला. अल्पमताचा पराभव व्हावयाचाच. पण येथें त्याचीं मतें नुसतीं वायां जात नाहींत, तीं काढून घेऊन प्रतिपक्षाच्या पदरांत घातलीं जातात. २००० सालीं फ्लॉरिडांत सुमारें साठ लाख मतांपैकीं अवघ्या ५३७ मतांच्या फरकानें सर्व २५ निर्वाचक जॉर्ज बुश यांना मिळाले आणि ते अध्यक्ष झाले. देशभर मात्र त्यांचे प्रतिस्पर्धी अल गोर यांना पांच लाखांहून अधिक मतें जास्त पडलीं होतीं.

या पद्धतीचे समर्थकहि आहेत. तिच्यामुळें निकाल बहुधा ठाम लागतो, मतमोजणीचा तंटा एखाद्या संस्थानापुरताच राहतो, व संघराज्यांत संस्थानाला एक व्यक्ति म्हणून वजन येतें, असें ते म्हणतात. विभागवार पद्धतिहि निर्दोष नाहीं. विभागांच्या सीमा आंखणारा पक्ष त्या आपल्या सोयीनें आंखूं शकतो. ही पद्धति मेनमध्यें १९७२ च्या व नेब्रास्कांत १९९२ च्या निवडणुकीपासून अंशतः आली. तीं संस्थानें लहान. तेथें एखाददुसऱ्या निर्वाचकाचाच प्रश्न. मोठ्या संस्थानाच्या सत्ताधारी पक्षानें आपले निर्वाचक एकट्यानें वांटून देणें म्हणजे प्रतिपक्षास आपण होऊन बळ देणें होय.

अन्याय सर्वांस दिसावा आणि तो सोडण्यास एकट्यानें कोणीं धजूं नये, अशी ही अडचण आहे. २००७ सालीं मेरीलंडनें केलेल्या कायद्यांत तिचेंच भान दिसतें. देशांत ज्यास सर्वाधिक लोकमतें पडतील त्यास आपले निर्वाचक द्यावयाचे, असें त्यानें ठरविलें. मात्र असाच कायदा करणाऱ्या संस्थानांच्या निर्वाचकांची बेरीज २७० होईपर्यंत त्याचा अंमल व्हावयाचा नाहीं. जेफर्सन यांच्या पत्रांतील ‘सर्वांनीं पाळली तर’ ही अट दोनशें वर्षांनंतर अशी कायद्याच्या कलमांत येऊन बसली.