दुष्काळी पट्ट्यातला अ‍ॅडमिरल आणि 56 फुटांचं घर

ज्यांना पूर्ण एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे लिहून काढलेला मजकूर. एसटीत बसून वाचा, चालेल.

सुरुवात कृष्णेपासून करू. महाबळेश्वरला जिथे ती उगम पावते, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत साधारण 64 किलोमीटर. म्हणजे सातारा ते कराड जाऊन थोडं पुढे, एवढंच. पण कृष्णाबाई तिकडे फिरकत नाही. वाई, कराड, सांगली करत ती पूर्वेला निघते आणि 1400 किलोमीटर चालून थेट बंगालच्या उपसागराला मिळते. आपलं पाणीसुद्धा जवळच्या समुद्राकडे पाठ करून जातं!

मी सांगलीकडचा. आमच्याकडे होडी म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात. एक, पावसाळ्यात कृष्णेत होणाऱ्या होड्यांच्या शर्यती. दुसरी, महापूर. 2005, 2019, 2021. समुद्र म्हणजे गणपतीपुळ्याची सहल, संपला विषय. त्यामुळे भारतीय माणसाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना ज्यांनी लावून धरली, ते गृहस्थ फलटण तालुक्यात राहत होते हे कळल्यावर मी एपिसोडचा विषयच बदलला.

गावाचं नाव विंचुर्णी. गृहस्थांचं नाव व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी. जन्म 1927 चा. 1971 च्या युद्धात बंगालच्या उपसागरात 'आयएनएस कामोर्ता' या युद्धनौकेचे ते कप्तान होते, त्यासाठी वीरचक्र मिळालं. 1983 मध्ये पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. निवृत्त अ‍ॅडमिरल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुलाब्यातला, खिडकीतून समुद्र दिसणारा फ्लॅट येतो. हे आले विंचुर्णीला. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात त्या पट्ट्यात.

आता थोडं मागे जाऊ, कारण साताऱ्याचा आणि समुद्राचा संबंध पहिल्यांदा इथे आला असं नाही. शाहू महाराजांची गादी साताऱ्याला होती. 1714 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्र्यांना शाहूंच्या बाजूला वळवलं आणि मराठी आरमाराचा सरखेल साताऱ्याच्या गादीशी जोडला गेला. गुराबा आणि गलबतं कुलाब्याला, मान्यता डोंगरावरून. ही व्यवस्था काही काळ चालली. पण घाटावरच्या लोकांनी समुद्राबाबत घेतलेला सगळ्यात महागडा निर्णयही लक्षात ठेवा. तुळाजी आंग्रे डोईजड झाले म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गावर आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. माझं स्पष्ट मत आहे की ती आपल्याच हाताने आपल्याच घराला लावलेली आग होती. तुळाजींची बाजू घेणाऱ्यांनी आणि न घेणाऱ्यांनी कमेंटमध्ये भांडावं, माझी हरकत नाही.

जहाजं जळली की नुसतं लाकूड जळत नाही. ती बांधणारे सुतार, शिडं शिवणारे, दोर वळणारे, वारा ओळखणारे तांडेल हळूहळू दुसऱ्या कामाला लागतात. मासेमारीच्या होड्या राहिल्या, कोकणात पावसाळ्याआधी त्या किनाऱ्यावर ओढून शाकारायची रीतही राहिली. लांब पल्ल्याच्या शिडाची विद्या मात्र आटली.

पूर्ण नाही हं. 1960 च्या दशकात मुंबईत सागवानाची एक छोटी बोट बांधली गेली. नाव 'सुहेली'. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा इंग्रज तरुण ती घेऊन इंग्लंडला गेला आणि 1968 साली गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरला. न थांबता, एकट्याने, जगाला फेरी. नऊ जण निघाले, पूर्ण केली फक्त त्याने, 312 दिवसांत. म्हणजे जगात पहिल्यांदा हा पराक्रम करणारी बोट आपल्या मुंबईत बांधलेली होती, आणि आपल्याला त्याचा पत्ताच नाही. पुढे 1985 ते 1987 मध्ये आपल्या भूदलाच्या अभियंत्यांनी 'तृष्णा' बोटीतून जगप्रदक्षिणा केली. मोठीच गोष्ट. पण बोट परदेशात बांधलेली, आणि वर चमू होता.

आवटींच्या डोक्यात होतं ते यापुढचं. माणूस भारतीय, बोट भारतात बांधलेली, सोबत कुणी नाही, जोर फक्त वाऱ्याचा. या मोहिमेचं नाव 'सागर परिक्रमा'. 2006 मध्ये नौदलातल्या कमांडर दिलीप दोंदे यांनी नाव दिलं, तेव्हा आवटींचं वय अठ्ठ्याहत्तर. दोंदे होते पाणबुड्या, म्हणजे खोल पाण्यात बुडी मारून काम करणारे. महासागरी शिडाच्या बोटीचा कप्तान नव्हे. शिकायला ते गेले कुणाकडे? त्याच नॉक्स-जॉन्स्टनकडे. तेही आता साठी ओलांडून पुन्हा एका जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरले होते. दोंदे त्यांच्या बोटीच्या दुरुस्तीला मदतनीस म्हणून राबले आणि राबता राबता शिकले.

माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते, आणि पेपरात नेमकी हीच कमी छापून आली. गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा फायबरग्लासच्या बोटींचा कारखाना होता. अशी महासागरी बोट त्यांनीही आधी बांधलेली नव्हती. आराखडा डच, व्हॅन दे श्टाट यांचा. आतून लाकूड, वरून फायबरग्लास. लांबी 56 फूट, वजन 23 टन. नाव 'म्हादेई', मांडवीचं मूळ नाव. कप्तान नवखा, बांधणारा नवखा. दोंदे महिनोन्‌महिने तिथे ठाण मांडून होते. कुठली वायर कुठून गेली, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या फळीमागे आहे, हे त्यांनी बांधताना पाहिलं. कारण दक्षिण महासागरात सुकाणूची दोरी तुटली तर मेकॅनिक कुठून आणणार? सर्व्हिस सेंटर हजारो किलोमीटर लांब, आणि तिथे जायचं तरी त्याच मोडक्या बोटीतून.

बोटीवर राहणं म्हणजे काय, तेही ऐका. इन्स्टावर दिसतं तसं नाही. घर सतत एका बाजूला कललेलं. झोपेत गडगडू नये म्हणून बिछान्याला कापडी आडोसा. झोप तुकड्या-तुकड्यांची, कारण सुकाणू यंत्राने धरलं तरी वारा फिरला की उठून शीड कमी-जास्त करायचं. पाणी जपून वापरायचं, आमच्या जतकडे मे महिन्यात वापरतात तसं. बाहेर नजर जाईल तिथवर पाणी आणि प्यायला मोजून. पाऊस आला की दर्यावर्दी शिडाच्या घोळात पाणी धरतात. आणि रोज दुरुस्ती. खारं पाणी धातू खातं, घासून दोर झिजतात, शिडाची शिवण उसवते. म्हणून कप्तानाच्या हातात सुकाणूपेक्षा पाना आणि सुई-दोरा जास्त वेळ असतो. महिन्या-दोन महिन्यांनी बंदर लागलं की फिरायला जायचं नाही, आधी सगळी बोट उघडून तपासायची.

19 ऑगस्ट 2009 ला दोंदे मुंबईहून निघाले. थांबे चार: ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅनली, आणि केप टाउन. वाटेत केप हॉर्न, दक्षिण अमेरिकेचं टोक, ज्याचं नाव काढलं की खलाशी टोपी सावरतात. 19 मे 2010 ला मुंबईला परत. प्रत्यक्ष समुद्रात 157 दिवस. एकट्याने शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. अंतराची एक गंमत सांगून ठेवतो, परीक्षेत येणार नाही पण मित्रांना विचारा: प्रदक्षिणा मानायची तर किमान 21,600 सागरी मैल हवेत. का? वर्तुळाचे 360 अंश, प्रत्येक अंशाची 60 मिनिटं, आणि एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. करा गुणाकार.

दोंद्यांच्या तयारीत हाताखाली राबलेला एक तरुण अधिकारी होता, अभिलाष टॉमी. 1 नोव्हेंबर 2012 ला तोच 'म्हादेई' घेऊन निघाला आणि कुठेही न थांबता 31 मार्च 2013 ला मुंबईला आला. मग दांडेकरांच्याच कारखान्यात 'तारिणी' बांधली गेली. 10 सप्टेंबर 2017 ला वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि 21 मे 2018 ला परतल्या. एक जण दुसऱ्याला शिकवतो, दुसरा तिसऱ्याला. 1756 नंतर तुटलेली साखळी अशी कडी-कडीने जोडली जात होती.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाईट बातमी आली. 'सुहेली'च्या धर्तीवर गोव्यात बांधलेली 'तुरीया' घेऊन टॉमी नव्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरला होता. हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळाने बोट उलटीपालटी केली, डोलकाठी मोडली, टॉमीच्या पाठीचा कणा दुखावला. हलता येत नव्हतं. तीन दिवसांनी, 24 सप्टेंबरला फ्रेंच जहाजाने त्याला उचललं. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, 4 नोव्हेंबर 2018 ला, विंचुर्णीत आवटी गेले. एक्क्याण्णव वर्षांचे होते.

टॉमी उभा राहिला. 2022 च्या शर्यतीत पुन्हा उतरला आणि दुसरा आला, हे आवटींना बघायला मिळालं नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच 'तारिणी' घेऊन निघाल्या, हेही नाही.

त्या दोघी 29 मे 2025 ला गोव्यात परतल्या. त्याच आठवड्यात फलटण-बारामती पट्ट्यात मे महिन्यात कधी नाही असा धुवाधार पाऊस पडला होता. ओढे फुटून वाहत होते. ते पाणी नीरेला, नीरा भीमेला, भीमा कृष्णेला. तिकडून पुढे बंगालचा उपसागर, जिथे आवटी 'कामोर्ता'वर होते.

पुढच्या एपिसोडला विषय कोणता घ्यायचा ते कळवा. आणि सांगलीतल्या होड्यांच्या शर्यतीचे जुने फोटो कुणाच्या आजोबांच्या पेटीत असतील, तर तेवढे पाठवा राव.