बॅटरीवरचं महाभारत

रविवार, 2 ऑक्टोबर 1988. तुम्ही मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर उभे आहात. पालघर जिल्हा व्हायला अजून 26 वर्षं आहेत, सातबाऱ्यावर ठाणेच लिहिलेलं असतं. हळवं भात पिवळं पडलंय, नागली उभी आहे आणि तरीही सकाळी सकाळी सगळे गुरुजींच्या पडवीकडे निघालेत. रामायण 31 जुलैला संपलं. आजपासून महाभारत.

पाड्यावर वीज नाही. काळा-पांढरा टीव्ही 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि बॅटरी चार्ज करायला तालुक्याच्या गावी न्यावी लागते. काल एक तरुण डोक्यावर चुंबळ ठेवून ती सडकेपर्यंत घेऊन गेला, तिथून एसटीने पुढे, आणि अंधार पडता पडता परत. मागे कधीतरी ॲसिड सांडून त्याच्या सदऱ्याला खांद्यापाशी भोकं पडलीत. आजही तोच सदरा अंगात आहे. त्याला वाट करून देतात, पुढे बसवतात.

टीव्ही गुरुजींचा, चार्जिंगचा खर्च पाड्याचा. ज्याच्याकडे सुटे पैसे आहेत तो पैसे देतो. नसतील त्याने शेरभर नागली, दोन अंडी. तेही नसेल तर बॅटरी वाहायची पाळी घ्यायची. ही रीत टीव्हीने शिकवली असं समजू नका. इथे उन्हाळ्यात बोहाडा होतो. गणपती, रावण, भीम अशी सोंगं मुखवटे घालून संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात, आणि त्या खेळाचा भार गाव पिढ्यान् पिढ्या वाटून घेत आलं आहे. टीव्हीचा हिशेब त्याच वहिवाटीने बसला.

आत या, चपला बाहेर. पडद्यावर ऊन पडू नये म्हणून दाराला गोणपाट लावलंय. पोरं अगदी पुढे, बाया कुडाला टेकून, बाप्ये उंबऱ्यापासून अंगणापर्यंत. कौलांवरून आवाज येतो, "आलं का?" "मुंग्याच हायत! अजून फिरव... थांब, थांब!"

एक म्हातारी दाराशीच घुटमळते. या खेपेला तिने काही दिलेलं नाही.

"आत ये ना गं बाय," गुरुजींची बायको म्हणते. "सरका रे पोरांनो."

पोरं सरकतात, तिला कुडाशी जागा होते. वर्गणी कुणी दिली हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण बसण्याची जागा त्यावरून ठरत नाही. या पडवीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

संवाद हिंदीत. गुरुजी मधूनमधून अर्थ सांगतात. पडद्यावर राजा भरत पोटच्या मुलांना बाजूला सारून लायक माणसाला युवराज करतो, तेव्हा बोहाड्यात भीमाचं सोंग घेणारा आजा मान डोलावतो. त्याला अर्थ विचारावा लागत नाही.

दिवाळी झाली की मात्र ही पडवी ओस पडेल. भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांच्या गाड्या येतील. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे कच्चीबच्ची घेऊन घरंच्या घरं निघतील. पावसाआधी परततील आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा जातील. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांवर बॅटरीचा वाटा वाढेल, आणि ती वाहायला तरणा खांदाही उरणार नाही. काही रविवार टीव्ही बंदच राहील.

मालिका चालेल 24 जून 1990 पर्यंत, 94 भाग. कुरुक्षेत्रावर युद्ध पेटेल तेव्हा अर्धा पाडा भट्टीवर माती तुडवत असेल. शेवटच्या भागाला ही माणसं पुन्हा याच पडवीत असतील, पण मधलं सगळं त्यांना ऐकावं लागेल, राबात धूळपेरणी करता करता. सांगणार ती म्हातारीच. भीष्म पडला कसा, कर्णाचं चाक रुतलं कसं. कुणी शंका काढलीच, तर ती हातातलं काम थांबवून म्हणेल, "तू व्हतास का तवा? मी बघलाय."