उसना श्वास

पैसा उसना देता येतो, धान्य उसने देता येते. परंतु श्वास उसना देता येईल काय? विसाव्या शतकाने या प्रश्नाला होकार दिला. मात्र त्या उसनवारीचे व्याज किती, हे उमगायला पुष्कळ वर्षे गेली.

१९२८ साली अमेरिकेत फिलिप ड्रिंकर व लुई शॉ यांनी लोखंडी फुप्फुस तयार केले. मान तेवढी बाहेर ठेवून रोग्याला बंद पेटीत निजवायचे आणि पंपाने पेटीतील हवा काढायची, की छाती फुगे व नाकावाटे हवा आत शिरे. हे पंप होते व्हॅक्यूम क्लीनरचे! त्याच वर्षी बोस्टनमध्ये पोलिओने श्वास थांबत आलेली आठ वर्षांची मुलगी या पेटीत काही मिनिटांत सावरली. पुढे न्यूमोनियाने ती दगावली. पण वाट सापडली होती, आणि तीही शरीराला छेद न देता.

मात्र ज्यांच्या घशाचे स्नायूच लुळे पडत, त्यांची लाळ श्वासनलिकेत उतरे. तेथे पेटी हरली. १९५२ साली कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासयंत्रावर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ गेले. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली आणि रबरी पिशवी दाबून हवा आत लोटली. मुलगी वाचली. मग सुमारे १,५०० विद्यार्थी पाळीपाळीने रोग्यांच्या उशाशी बसून पिशव्या दाबीत राहिले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा जन्म तो हाच. परंतु नळी आली की वाचा बंद होते आणि जंतूंना वाट मिळते. हेच ते व्याज.

मग हवा नळीवाचून लोटता येणार नाही काय? १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी हवेचा दाब सतत ठेवून नवजात अर्भकांची मिटणारी फुप्फुसे उघडी राखली. २० पैकी १६ बालके वाचली. त्यांतील बहुतेकांना नळीच होती. दोघांना मात्र डोक्याभोवतीच्या पेटीतून हा दाब दिला होता. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी झोपेत घसा मिटणाऱ्या रोग्यांच्या नाकावर मुखवटा बसवला. त्यांनाही व्हॅक्यूम क्लीनरचीच मोटर उपयोगी पडली, फक्त उलटी फिरवून! पुढे श्वास अपुरा पडणाऱ्यांनाही मुखवटा लाभला. १९९५ साली लोरां ब्रोशार व सहकाऱ्यांनी फुप्फुसांचा जुना विकार बळावलेल्या ८५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या उपचारांत शंभरी ७४ जणांना नळी घालावी लागली, मुखवट्याने २६ जणांना; मृत्यूचे प्रमाण २९ वरून ९ वर आले.

म्हणून नळी निरुपयोगी ठरली असे मात्र कोणी समजू नये. शुद्ध हरपलेल्या, स्वतःचा घसा न राखू शकणाऱ्या रोग्याला आजही बहुधा तिचाच आधार असतो. आणि मुखवटा पुरत नाही हे ओळखण्यास विलंब झाला, तर प्राणावर बेतते. कोपनहेगनचा धडा खोटा ठरलेला नाही. पण जेथे मुखवटा पुरतो, तेथे तो क्षणभर दूर सारून रोगी पाणी मागू शकतो, उशाशी बसलेल्या माणसाला नावाने हाक मारू शकतो. श्वास उसना असला, तरी शब्द त्याचे स्वतःचे राहतात.