बंदुकीच्या बदल्यात रस्ता

मैत्रिणींनो, दामदुप्पट देणाऱ्या योजना आपल्याला नव्या नाहीत. युरोपातल्या अल्बानिया देशात तसल्याच कंपन्यांत लोकांनी घरं, गुरं विकून पैसे घातले. १९९७ च्या सुरुवातीला त्या बुडाल्या. लोक खवळले, लष्कराची कोठारं फुटली आणि पाच लाखांहून जास्त हत्यारं घरोघरी गेली. काही तर सीमेपलीकडे कोसोव्होच्या लढाईत पोचली.

मग सरकारने संयुक्त राष्ट्रांकडे मदत मागितली. ग्राम्श जिल्ह्यात वेगळंच ठरलं. बंदूक आणून देणाऱ्याच्या हातावर रोख पैसे ठेवायचे नाहीत. लोकांनी हत्यारं जमा करायची आणि त्या बदल्यात सगळ्या भागाला रस्ते, दिवे, टेलिफोन द्यायचे. मला हे पटतं, रोख पैशातून दुसरी बंदूक आली असती. बायकांच्या संघटनांनी घरोघरी समजावलं. बंदूक कुठल्या पेटीत आहे, हे घरच्या बाईशिवाय कोणाला ठाऊक असणार? सुमारे ६,००० हत्यारं आणि शंभर टनांवर दारूगोळा जमा झाला. पुढे इतर जिल्ह्यांतही हीच पद्धत नेली.

२००१ मध्ये न्यूयॉर्कला जगातल्या देशांनी ठरवलं की प्रत्येक बंदुकीवर खूण असावी, म्हणजे ती कुठून निघाली ते शोधता येईल. अल्बानियाच्या कितीतरी बंदुका मात्र परत आल्याच नाहीत.