सिंहगड
सिंहगड (१९२३) : कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ऐतिहासिक मूकपट. दिग्दर्शक बाबूराव पेंटर. आधार, हरि नारायण आपटे यांची कादंबरी ‘गड आला पण सिंह गेला’. विषय, १६७० मधील तानाजी मालुसरे यांची कोंढाण्यावरील (म्हणजेच सिंहगडावरील) चढाई. लढाई रात्रीची, नुसत्या उन्हावर भागणारे नव्हते. पेंटरांनी कृत्रिम प्रकाश वापरला. भारतीय चित्रपटातला हा पहिला प्रयोग मानला जातो. आपट्यांचे ऐसपैस निवेदन मूकपटात पाट्यांपुरतेच उरणार. त्याची जागा चित्रकाराच्या नजरेने घ्यायची, ही या रूपांतराची खरी कसोटी. तानाजींचे मामा शेलारमामा यांच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते; त्यांनीच १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनीसाठी याच कथेवर बोलपट काढला.