कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाई

‘आपल्या जातीचं नाक बघा, आपण मूळचे बाहेरचे!’ परवा नातेवाइकांच्या ग्रुपवर एका काकांनी हे टाकलं आणि मला हर्बर्ट रिस्ले आठवला. १९०१ च्या जनगणनेचा हा इंग्रज प्रमुख. नाकाच्या मापावरून त्याने जातींची उतरंड लावली. मानववंशशास्त्राचं बालपण असं मोजपट्टीत गेलंय.

इरावती कर्वे बर्लिनला शिकायला गेल्या, तिथे कवट्या मोजत. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात आणि त्यांची बुद्धी त्यामुळेच सरस, असा त्यांचा कयास. बाईंनी कवट्या मोजल्या, वंशागणिक फरक काही सापडेना. प्रबंधात तसंच लिहिलं. परका देश, विशीतली बाई, आणि खुद्द गाइडच्या विरोधात! पुढे १९३३ मध्ये, हिटलरच्या राज्यात, हेच फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले.

बाईंनी इथे परतल्यावरही मोजपट्टी सोडली नाही, हे मला जरा खटकतंच. पण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी मांडलं ते उलटंच: ‘ब्राह्मण’ या एका नावाखालचे सगळे एका रक्ताचे नाहीत, जात म्हणजे आपसात लग्नं करणारा सोयऱ्यांचा गोतावळा.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. काकांची निळी टिक आलीय, उत्तर नाही.