मासा, वारा आणि राख

कोराडीहून आम्ही बोलतोय. आजचा विषय तोंडाला पाणी सुटेल असा आहे, पण पाककृतीच्या आधी थोडा इतिहास ऐकावा लागेल.

आमच्या गटातल्या एकीकडे एअर फ्रायर आला. पहिला प्रयोग माशाचा करायचं ठरलं. बिनकाट्याचे पांढरे तुकडे मसाला लावून आत ठेवले आणि बारा मिनिटांत बाहेर काढले. बाहेरून खरपूस, आतून मऊ. तेल लागलं चमचाभर. सगळ्या खूश. तिच्या सासूबाईंनी मात्र विचारलं, "राख न लावता मासा धरला कसा गं?"

आम्ही हसलो. मग लक्षात आलं, की प्रश्न खरा आहे.

मरळ असो की वाम, मासोळी हातातून निसटते. म्हणून आपल्या आया-आज्या चुलीतली राख हाताला लावून मासा धरायच्या, मग पावशीवर खवले काढून तुकडे करायच्या. त्याच राखेनं नंतर भांडी घासायच्या. बिनतेलाचा मासाही आपल्याला नवा नाही. ढिवरांच्या घरी ताजी मासोळी मीठ-हळद लावून निखाऱ्यावर भाजायची रीत जुनीच. पूर्व विदर्भात तलाव भरपूर, तेल महाग आणि निखारा फुकट. तेव्हा भाजणंच सोयीचं होतं.

मग या यंत्रात नवं काय? एक म्हणजे वारा. गरम हवा पंख्यानं जोरात फिरवली की अन्न लवकर शिजतं, ही युक्ती १९४५ साली अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी विमानातलं गोठवलेलं जेवण गरम करण्यासाठी वापरली. तीच युक्ती आटोपशीर डब्यात बसवली फ्रेड व्हॅन डर वाइज या डच माणसानं, आणि २०१० साली फिलिप्सनं बर्लिनच्या प्रदर्शनात 'एअरफ्रायर' जगापुढे ठेवला. म्हणजे नाव तळण्याचं असलं, तरी आत चालतं ते भाजणंच.

दुसरं नवं म्हणजे बिनकाट्याचा तुकडा. कॅनडाच्या लॅब्राडॉर भागात तिथले मूळ रहिवासी कडाक्याच्या थंडीत मासा झटपट गोठवतात, हे क्लॅरेन्स बर्ड्सआय यांनी पाहिलं आणि १९२० च्या दशकात त्याचा धंदा उभा केला. आज मॉलमधल्या थंड पेटीत मिळणारा 'बासा' व्हिएतनामच्या मेकाँग नदीकाठच्या तळ्यांतून येतो. आपल्या बाजारातले रोहू, कतला हेही आता बहुतेक पाळलेलेच. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात या जातीच्या माशांकडून इंजेक्शन देऊन अंडी घालवून घेतली. त्यानंतर मत्स्यबीज तळ्यातळ्यांत पोचलं. रोहूला बारीक दुहेरी काटे फार, म्हणून त्याचे स्वच्छ तुकडे करणं कठीण. मरळीला काटे कमी, मांस पांढरं आणि घट्ट. आपल्याकडचा खरा 'फिलेट' तोच.

आता तिसरी गोष्ट, आणि तीच आम्हाला सांगायची आहे. यंत्राला निखारा लागत नाही, असं आपण म्हणतो. पण निखारा आहे. आपल्या घरात नाही, इतकंच.

कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. १९८३ पर्यंत सात संच झाले, मिळून हजार मेगावॉटच्या वर. जुने बरेच संच बंद पडले आणि २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॉटचे तीन नवे संच उभे राहिले. मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरातही आपल्या गावची वीज जाते.

आम्ही हिशेब मांडला. दीड हजार वॉटचं यंत्र बारा मिनिटं चाललं, तर पाव युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागते. एका युनिटला अर्ध्या किलोपेक्षा जास्त, पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो. म्हणजे आपल्या एका ताटभर माशासाठी साधारण दोनशे ग्रॅम कोळसा. आपल्या देशातल्या कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४५ टक्के. तेव्हा उरली साठ ते नव्वद ग्रॅम राख. मूठभर! सासूबाई विचारत होत्या ती राख इथे आहे.

चूल बरी होती, असं आम्ही म्हणत नाही. तिचा धूर आपल्याच डोळ्यांत गेला, सरपण आपल्याच डोक्यावरून आलं. लाकूडही याहून कितीतरी जास्त जळायचं. पण ती राख आपल्या नजरेसमोर होती आणि कामाला यायची. केंद्राच्या राखेतली काही सिमेंटला, विटांना जाते. बाकीची पाण्यात कालवून राखेच्या तलावात सोडतात. २०२२ च्या जुलैत मोठ्या पावसात खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत उतरली. ज्या पाण्यात मासोळी वाढायची, त्यात राख गेली. पूर्वी राख लावून मासा धरायचा. आता राखेपासून मासा वाचवायचा आहे.

म्हणून यंत्र वापरू नका, असं आम्ही सांगणार नाही. आम्हीही वापरतो. फक्त ग्रामसभेत राखेचा आणि नाल्याच्या पाण्याचा विषय निघाला, की तो पुरुषांचा म्हणून उठून जाऊ नका. आपल्या ताटातली मूठभर राख त्यात आहे.

आता पाककृती. आठवडी बाजारात ढिवर बाईकडून मरळ घ्या. मधला काटा काढून तुकडे करून मागा, आणि त्या कामाचे पैसे वेगळे द्या. हातात कसब तिच्या आहे. अर्धा किलो तुकडे धुऊन कापडानं अगदी कोरडे टिपा. ओले राहिले तर वाफेवर शिजतात, खरपूस होत नाहीत. आलं-लसूण वाटून, हळद, तिखट, धणेपूड, मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस लावून वीस मिनिटं ठेवा. वरून दोन चमचे तांदळाचं पीठ आणि चमचाभर तेल चोळा. यंत्र आधी २०० अंशांवर तापवा. तुकडे एकमेकांना न चिकटवता ठेवा, बारा मिनिटं भाजा, मध्ये एकदा उलटा. काट्या-चमच्यानं मांसाचे पापुद्रे सहज सुटले की झालं. वरून बारीक चिरलेला सांबार भुरभुरा. यंत्र नसेल तर तव्यावर झाकण ठेवून करा, काही बिघडत नाही.

नवरात्रात आई जगदंबेच्या यात्रेचे नऊ दिवस मात्र आपल्याकडे बहुतेक घरी मासा नाही, तेव्हा ही कृती त्याआधी किंवा त्यानंतर करा. करून पाहा आणि कळवा.